रंगापलीकडचा प्रकाश



या स्मृतिव्याख्यानात मी एकच विनंती करणार आहे: कृष्णधवल चित्रासाठी रंग विसरून प्रकाश पाहावा. लाल फूल आणि हिरवे पान फिल्मवर बहुधा एकाच करड्या छटेत मिसळतात. सुरतेत १६६९ साली निधन पावलेल्या जॉर्ज ऑक्झेंडन यांच्या समाधीपाशी हे शिकता येते. तिरप्या उन्हात गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा सावली धरतो. दुपारी तोच सपाट भासतो. गडद लाल फिल्टरने निळे आकाश काळवंडून फिकट घुमट उठून दिसतो. मात्र प्रकाश सुमारे आठपट द्यावा लागतो. कमानींतील सावल्याही जपाव्यात. निगेटिव्हवर न उमटलेला तपशील छपाईत आणता येत नाही. गिलावा झिजतच राहणार. त्याची आजची खूण राखणे आपल्या हाती आहे.