तहान लागायची वाट पाहू नका

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मार्च महिन्यात झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. वक्ते बी विंगमधील निवृत्त डॉक्टर आहेत.)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा आपल्यापैकी बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीत होते. भर मे महिन्यात टँकरमागे बादल्या घेऊन धावलो, डोक्याला दुपट्टा बांधून स्कूटरवरून दुपारची लग्नं गाठली. नागपूरचं ऊन आपल्याला नवीन नाही. मग आज त्यावर भाषण कशाला? तर ऊन तेच असलं, तरी आपण तेच राहिलेलो नाही, म्हणून.

२०२४ च्या मे अखेरची बातमी आठवते का? आपल्या नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदलं गेलं, म्हणून सगळीकडे खळबळ उडाली होती. पुढे हवामान खात्याने सांगितलं, की सेन्सर बिघडला होता. आपण हसलो. पण मंडळी, साठी-सत्तरीनंतर आपलाही सेन्सर बिघडतो, आणि तो उलट्या दिशेने बिघडतो. यंत्राने ऊन जास्त दाखवलं; आपलं शरीर कमी दाखवतं.

म्हणजे काय होतं? तरुण माणसाच्या अंगातलं पाणी थोडं कमी झालं, की मेंदू लगेच तहान लावतो. वय वाढलं, की ही सूचना उशिरा येते आणि क्षीण येते. घाम कमी येतो. कातडीकडे जास्त रक्त पाठवून उष्णता बाहेर टाकायची, हे हृदयाचं काम; तेही आता दमलेलं असतं. त्यामुळे आतून शरीर तापत असतं आणि आपण म्हणतो, ‘मला काही उकडत नाही बुवा.’ हे खोटं नसतं. आपल्याला खरंच तसं वाटत असतं. धोका नेमका तिथेच आहे.

आता एक प्रसंग सांगतो. ज्यांचा आहे, त्यांची परवानगी घेतली आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी, नवतपा चालू होता. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक आजी मला लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, ‘डॉक्टर, दोन दिवस जेवण जात नाही हो. डोकं जड आहे.’ मी म्हणालो, ‘ऊन आहे, जपा.’ आणि माझा मजला आला, मी उतरलो. चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या माणसाने एवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशी धावत आल्या. आजी पलंगावर होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि मावशींना त्या आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या. ती बहीण जाऊन वीस वर्षं झालेली. घरात गेलो तर कूलर बंद. टाकी कोरडी. पाणी भरायला बादली उचलवत नव्हती, आणि कुणाला सांगायचा संकोच. रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला होता. त्याला ‘मी बरी आहे’ म्हणाल्या होत्या. त्या वाचल्या. पण पुन्हा या घरात एकट्या राहायला आल्या नाहीत. त्या दाराला आज कुलूप आहे. मी रोज त्यावरून जातो.

मला विचाराल तर मी लिफ्टमध्ये चार प्रश्न विचारायला हवे होते. पाणी किती पिता? लघवीला किती वेळा जाता? गोळ्या कोणत्या चालू आहेत? कूलर चालतो का? आज त्याच चार प्रश्नांवर बोलतो.

पहिला, पाणी. तहान लागायची वाट पाहायची नाही, घड्याळाकडे पाहून प्यायचं. सकाळीच दोन बाटल्या भरून समोर ठेवा आणि संध्याकाळपर्यंत त्या संपल्या की नाही ते बघा. कैरीचं पन्हं, ताक, लिंबू सरबत, सगळं उत्तम. मधुमेह असेल तर पन्ह्यातला गूळ-साखर मोजून. रक्तदाब असेल तर ताकात मीठ बेताने. जुलाब-उलट्या झाल्या किंवा खूप घाम गेला, तर ओआरएसचं पाकीट पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी मात्र माझं ऐकून पाणी वाढवू नये. आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि उन्हाळा सुरू व्हायच्या आधी विचारा. राहिला कांदा. खिशात ठेवायला हरकत नाही, पण तो ताटात जास्त उपयोगी आहे.

दुसरा प्रश्न लघवीचा. लाजू नका. आपल्यातले किती जण रात्री उठावं लागू नये, गुडघे दुखतात, बाहेर गेल्यावर सोय नसते, म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात? हात वर करू नका, मला माहीत आहे. उपाय असा, की दिवसभर भरपूर प्या आणि झोपायच्या आधी दोन तास थोडं कमी करा. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद झाली, जळजळ होऊ लागली, आपण ज्याला उन्हाळी लागणं म्हणतो ते झालं, तर पाणी कमी पडतंय असं समजा. दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

तिसरा प्रश्न गोळ्यांचा. रक्तदाबासाठी किंवा पायाच्या सुजेसाठी लघवीची गोळी बऱ्याच जणांना असते. ती अंगातलं पाणी बाहेर काढते. काही गोळ्यांनी घाम कमी होतो, काहींनी हृदयाचा वेग धरून ठेवला जातो. म्हणून एप्रिल लागायच्या आत सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ‘उन्हाळ्यात यात काही बदल करायचा का?’ आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करायची नाही. इन्शुलीन घेणाऱ्यांनी ते खिडकीपाशी किंवा गाडीत ठेवू नये.

चौथा, कूलर. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कूलर छान चालतो. पण समोरची खिडकी थोडी उघडी हवी. सगळं बंद करून कूलर लावला, की तासाभरात खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. मार्चमध्येच ताट्या बदलून घ्या. पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढा, मगच टाकीला हात लावा. कूलरचा शॉक लागून आपल्या भागात माणसं जातात, हे तुम्हीही वाचता. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास. नुसत्या पंख्यावर विसंबू नका. चाळिशीपार गेलेल्या हवेत पंखा लूच अंगावर फेकतो. अशा वेळी ओल्या पंचाने अंग पुसून मग पंख्याखाली बसा. फिरायला जायचं ते सूर्य वर यायच्या आत. बारा ते चार घरात. लग्न दुपारचं असेल तर आशीर्वाद फोनवर द्या, आहेर संध्याकाळी पोचवा!

आता सगळ्यात महत्त्वाचं. थकवा, पायात गोळे, चक्कर, मळमळ, डोकं दुखणं, ही पहिली पायरी. गार जागी आडवं व्हा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी प्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात. घाम येतोय की नाही, थर्मामीटर काय सांगतो, यावर वाद घालत बसू नका. एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी अंग गार करायला लागायचं. अंगावर पाणी ओता, ओली चादर घाला, पंखा लावा, मान, काख आणि जांघेत कपड्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही.

शेवटचा मुद्दा. १९९५ साली अमेरिकेत शिकागोला उष्णतेची लाट आली, तेव्हा सातशेहून अधिक माणसं गेली. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार. दोन्हीकडे वृद्ध फार मोठ्या संख्येने गेले, आणि एकटं राहणाऱ्यांना धोका जास्त होता. त्यानंतर फ्रान्समधल्या नगरपालिका अशा वृद्धांची यादी ठेवू लागल्या आणि उन्हाच्या दिवसांत त्यांची चौकशी करू लागल्या. आपल्या देशात अहमदाबादने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा शहर आराखडा केला. सरकार, पालिका आपलं काम करतील. पण लिफ्टमध्ये भेटणारे आपणच.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. एकटे राहणाऱ्यांची आणि दोघंच राहणाऱ्या वृद्ध जोडप्यांची, त्यांच्या संमतीने, यादी करा. एप्रिल ते पाऊस येईपर्यंत शेजाऱ्याने सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला त्यांच्या दाराची बेल वाजवायची. ‘बरे आहात का?’ एवढंच विचारून परत फिरायचं नाही, कारण ‘बरी आहे’ हे उत्तर ठरलेलंच असतं. आत जायचं, बाटली किती संपली ते बघायचं, कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओतायच्या. तरुणांनो, हे काम तुमचं. क्लबहाऊसमधला मोठा कूलर दुपारी चालू ठेवून दार उघडं ठेवा. वरच्या मजल्यावरच्यांना तापलेल्या स्लॅबखालून उतरायला जागा मिळेल. पत्ते आम्ही आणू.

आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, बेल वाजली तर ‘कशाला त्रास’ म्हणू नका. दार उघडा. बादली उचलवत नसेल तर तसं सांगा. त्यात कमीपणा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी टँकरची बादली आपण एकमेकांच्या हातात दिलीच होती की!