जुन्या वस्तूंचा संग्रह : छंद आणि कर्तव्य

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या वस्तू जमविण्याचा छंद हा संस्थानिकांचा व धनिकांचा, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती यथार्थ नाही, एवढेच आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहो.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कै. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच कवी 'अज्ञातवासी', यांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला. गावोगाव हिंडून त्यांनी जमविले काय? दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे! अकाली निधन पावलेल्या पुत्राचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले आणि सुमारे वीस हजार वस्तूंचा हा ठेवा १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. यांतील बहुतेक वस्तू एके काळी तुमच्याआमच्यासारख्यांच्या घरांत रोज हाताळल्या जात होत्या.

तशा वस्तू मालवण किनाऱ्यावरील आपल्या घरांतही आहेत. माळ्यावर शेर व पायली पडलेली असते. दशमान वजने-मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि ती निरुपयोगी झाली. देवघरातील डबीत एखादी शिवराई किंवा जुना पैसा असतो. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे व एकशे ब्याण्णव पै, हा हिशेब १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले तेव्हापासून मागे पडला. नातवाच्या हाती ती पै ठेवून हा हिशेब सांगून पाहा. पुस्तकातील धड्याहून तो अधिक काळ लक्षात राहील.

परंतु घराच्या वाटण्या झाल्या, मुले मुंबईस स्थायिक झाली, की ही भांडी वजनावर मोडीत जातात. मोडी कागदांची दशा तर त्याहून वाईट. न्हाणीघरातील चुलीत दप्तरे जळालेली घरे आम्हांस ठाऊक आहेत. तांब्याचा हंडा गेला तर दुसरा मिळेल. जमिनीचा, देवस्थानच्या मानाचा किंवा पूर्वजांच्या स्थलांतराचा एकच कागद असेल, तर तो गेल्यावर साक्ष कोणी द्यावी?

वस्तूबरोबर तिची हकीकतही जपली पाहिजे. सावंतवाडीच्या गंजिफेचे उदाहरण जवळचेच आहे. दशावतारी गंजिफेत दहा रंगांची, प्रत्येकी बारा, अशी एकशे वीस पाने असतात. ही कला लोप पावू लागली असता शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यात आश्रय देऊन पुनरुज्जीवन दिले. जाणते कारागीर हयात होते म्हणूनच ते साधले. आपल्या घरांतील जाणती माणसेही आज ना उद्या जाणारच. तत्पूर्वी एक साधी वही करावी : वस्तूचे नाव, ती कोणाची, कोठून आली, कशासाठी वापरीत, आणि ही माहिती कोणी सांगितली. अशी नोंद नसलेला संग्रह म्हणजे केवळ अडगळ.

जतनाविषयी दोन शब्द. जुने नाणे चिंचेने घासून लखलखीत करू नये. त्यावरील पुसट अक्षरे त्यामुळे झिजतात. कागद दमट भिंतीस लागून ठेवू नयेत, कडक उन्हात वाळवू नयेत, चिकटपट्टीने जोडू नयेत. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवावेत व पावसाळ्यानंतर पाहावेत.

आणखी एक. सिंधुदुर्ग किल्ल्यावरील एखादा दगड वा देवळातील मूर्ती घरी आणणे हा छंद नव्हे, चौर्य होय. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू परदेशी नेण्यासही खाजगी व्यक्तीस मनाई आहे. परदेशी स्थायिक झालेल्या बांधवांनी हे ध्यानी ठेवावे.

आमची नम्र सूचना अशी की, पुढील संमेलनास प्रत्येक कुटुंबाने एक जुनी वस्तू आणि तिची लेखी हकीकत आणावी. एक दिवस ती मांडून पाहाव्यात आणि ज्याची वस्तू त्याने परत न्यावी. हकीकतींची प्रत मात्र मंडळाच्या दप्तरी राहावी. यास खर्च नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसांजवळ घटकाभर बसण्याची तयारी तेवढी हवी.