ज्ञानदान हीच राष्ट्रसेवा



राष्ट्राचा विकास रस्ते, धरणे व कारखाने यांवरून मोजला जातो. परंतु ते उभारणारी माणसे शाळेत घडतात. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७-१९५९) किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत गावोगाव हिंडले. रयतेच्या दैन्याचे मूळ अज्ञानात आहे, हे त्यांनी ओळखले. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीस बसली. त्यांच्या अन्नासाठी सौ. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही काढून दिले. ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने गरिबाच्या मुलाला शिक्षणाबरोबर स्वाभिमानही लाभला.

जैन धर्माने आहार, औषध, अभय व ज्ञान ही चार दाने सांगितली आहेत. वसतिगृहात ती चारही एकत्र नांदतात. साकोली हे तालुक्याचे ठिकाण. भोवतालच्या खेड्यांतून मुले-मुली येथे शिकावयास येतात. निवारा वा दोन वेळचे जेवण नाही, म्हणून त्यांपैकी एकाचेही शिक्षण थांबता कामा नये. सुवर्णमहोत्सवी निधीचा पहिला वाटा त्यांच्या निवास-भोजनासाठी राखावा आणि तो देताना जात-पंथ विचारू नये. मंदिराचा कळस समाजाची श्रद्धा दाखवितो. अशा मुलांचे शिक्षण त्या श्रद्धेचे आचरण दाखवील.

जय जिनेन्द्र!