बक्षीस लागलंय, कुणाला सांगू नका!



काल याच व्यासपीठावर संतवाङ्मय झालं, उद्या गडकिल्ले आहेत आणि मधे मी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘बक्षिसाचे फसवे फोन : ओळख आणि उपाय’. छापलंय ते बोलेनच. पण कुणी फसला की आपण चटकन म्हणतो ना, ‘लोभ नडला’, त्या दोन शब्दांवर माझा जुना राग आहे. उभी हयात बँकेच्या काउंटरच्या आत गेली. माझं ठाम मत आहे की चोराला या दोन शब्दांची जेवढी मदत होते, तेवढी मोबाइलचीही होत नाही. (हशा) हसा, पण नऊ वाजेपर्यंत थांबा.

ओटीपी सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही, हे तुम्हाला पाठ आहे. रोज सुप्रभातबरोबर येतं ते. तेव्हा ते सोडून देऊ.

फोन येतो तो बहुधा हिंदीतून आणि कमालीच्या अदबीने. ‘सर, तुमच्या नंबरला केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी लागली.’ मागोमाग व्हॉट्सॲपवर प्रमाणपत्र: अमिताभ बच्चन यांचा फोटो, दोनचार गोल शिक्के, लॉटरी क्रमांक. पाठवणाऱ्याचा नंबर पुष्कळदा +९२ ने सुरू होतो. तो पाकिस्तानचा संकेतांक.

(श्रोत्यांतून : ‘त्यावर अशोकस्तंभ पण असतो!’)

असतोच. अशोकस्तंभ छापायला प्रिंटर नाही म्हणत नाही. मग फाइल उघडायचे थोडे पैसे, मग कर, मग ‘रिझर्व्ह बँकेचं क्लिअरन्स’. दरवेळी हा शेवटचाच हप्ता. आता पत्रिकेतला भाग उरकतो. रिझर्व्ह बँक तुमच्या-माझ्यासारख्यांची खाती ठेवतच नाही, तेव्हा तिथे तुमचे पंचवीस लाख अडकून पडणार कुठे? परदेशी लॉटरीत भाग घ्यायला इथून पैसे पाठवणं परकीय चलन कायद्यालाच मंजूर नाही. रिझर्व्ह बँकेने २०१० साली परिपत्रक काढून बँकांना ते पुन्हा बजावलं होतं. आणि कर? लॉटरीच्या रकमेवरचा तीस टक्के कर देणाऱ्यानेच कापून उरलेली रक्कम द्यायची असते. मोटार लागली तर मात्र कापणार काय? तिथे आधी कर भरला गेल्याची खात्री करूनच बक्षीस हाती द्यावं लागतं. चोर नेमका हा धागा पकडतो. पण तो कर सरकारी तिजोरीत जातो, कुणा इसमाच्या बचत खात्यात जात नाही.

(सभागृहात एक मोबाइल वाजतो.) घ्या, घ्या! बक्षीस लागलं असेल. (मोठा हशा)

आता ज्यासाठी आलो ते सांगतो. आमच्या शाखेत एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे, आम्ही त्यांना गुरुजीच म्हणायचो. अक्षर असं, की त्यांनी भरलेली स्लिप फाइलला लावताना वाईट वाटावं. बँकेच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, तर रंगारी येईपर्यंत त्यांनी आम्हाला गाठून गाठून सोडलं नाही. चहा घ्यायचे ते बशीत ओतून, आणि कप मात्र स्वतः उचलून ठेवायचे. असू दे, मी वाहवत चाललो. तर एक दिवस गुरुजी मुदत ठेव मोडायला आले. कशाला म्हटलं, तर ‘मुलीकडे लागतात.’ मुलीचं नाव निघालं की तासभर बोलणारा माणूस, दोन शब्दांत थांबला. माझं लक्ष खिशाकडे गेलं. सदऱ्याच्या खिशात मोबाइल, आणि त्याचा उजेड कापडातून दिसतोय. फोन चालू! पलीकडे कुणीतरी आमचं सगळं बोलणं ऐकतंय. ‘फोन बंद करायचा नाही, घरी सांगायचं नाही, बँकवाले कमिशन मागतात म्हणून त्यांना तर मुळीच नाही’, या अटी आधीच घातलेल्या.

मी पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर लिहिलं : ‘फोनवर कोण आहे?’ गुरुजींनी पेन घेतलं आणि खाली त्याच सुंदर अक्षरात लिहिलं : ‘बक्षीस विभाग. गोपनीय.’ दोन्ही ठिकाणी पूर्णविराम दिलेला! (हशा)

ठेव मोडू दिली नाही. पण त्याआधी दोनदा पैसे गेले होते. आणि बक्षिसाचं काय करणार होते? शाळेच्या प्रयोगशाळेवर पत्रे घालणार होते. याला लोभ म्हणायचं?

(पुढच्या रांगेतून : ‘थोडा तरी असणारच ना, साहेब?’)

असेल! महाराष्ट्र सरकार १९६९ पासून लॉटरीची तिकिटं विकतंय. ती घेणाऱ्याला तुम्ही लोभी म्हणता का? त्याला आशावादी म्हणता. (टाळ्या) नाही, टाळ्या नकोत, मला पुरं बोलू द्या. त्याच दिवशी मी म्हटलं, चला, तक्रार करू. गुरुजींनी हात धरला. ‘साहेब, गावात म्हणतील मास्तर लोभी निघाला.’ मी रोज विचारायचो, ते रोज विषय बदलायचे. अखेर पोलिसांत गेले, तोवर पैसे ज्या खात्यात गेले होते ते रिकामं झालेलं. चोराने ‘कुणाला सांगू नका’ म्हटलं ते पैसे मिळवण्यापुरतं. पुढचं ‘सांगू नका’ त्याला म्हणावंच लागलं नाही. ते काम आपण केलं, पारावर बसून.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. म्हणजे तीन धरा. पैसे कसे पळतात ते राहिलंच, थोडक्यात सांगतो. ते आधी भाड्याने घेतलेल्या खात्यात जातात, कुण्या बेकार पोराने थोड्या पैशांसाठी दिलेल्या. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, मग एटीएममधून बाहेर. १९३० या क्रमांकावर फोन केला की तक्रार बँकांच्या साखळीत फिरते आणि पैसे ज्या खात्यात असतील तिथेच रोखून धरता येतात. बाहेर पडले की मग रोखायला काही उरत नाही. पैसे गेले नसतील, नुसता फोन आला असेल, तरी संचार साथी संकेतस्थळावर ‘चक्षू’मध्ये तो नंबर कळवता येतो. फसव्या फोनसाठी कुप्रसिद्ध जामताऱ्याबद्दल मुद्दे आणले होते, ते आता प्रश्नोत्तरांत, चहा झाल्यावर.

उद्या शेजारी, वडील, सासूबाई, कुणीही चेहरा पाडून बसलेलं दिसलं आणि पैसे गेल्याचं कळलं, तर ‘एवढं कसं कळलं नाही?’ असं विचारू नका. ‘पैसे किती वाजता गेले?’ एवढंच विचारा, आणि उत्तराची वाट न बघता १९३० लावा.