आधी लाईटबिलावरचं नाव बघा
(प्रभागसंघाच्या बैठकीतील भाषण)

तायांनो, आज छतावरच्या सोलरचं बोलू. आपल्या सोलापुरात उन्हाला काय तोटा! फेब्रुवारी 2024 मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली. एक किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन किंवा जास्तीला 78 हजार रुपये अनुदान. एक किलोवॅटला सावली न पडणारी शंभरेक चौरस फूट जागा लागते, दिवसाला चारेक युनिट वीज होते.

पण घरी गेल्यावर आधी लाईटबिल काढा. नाव कुणाचं? बऱ्याच घरांत वारलेल्या सासऱ्यांचंच असतं. अर्ज बिलावरच्या नावानं होतो, अनुदानही त्याच नावाच्या बँक खात्यात पडतं. म्हणून अगोदर महावितरणकडे नाव बदलून घ्या. बदलायचंच आहे तर बाईचं का नको? घरात विषय काढणं जड जाईल, तरी काढा.

अनुदान येतं ते पॅनल बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर. तोवर पैसा आपला, नाहीतर बँकेचा. दारात येऊन "फुकट बसवतो" म्हणणाऱ्याला सही देऊ नका. पोर्टलवर नोंद असलेलाच ठेकेदार घ्या. कर्जाचा हप्ता आणि सध्याचं बिल शेजारी मांडा. बिलच महिना दोनशे येत असेल, तर मी तरी थांबा म्हणेन.