अळंबी घरी आणल्यावर

(जुळे सोलापूर येथे महिला मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आदिवासी भगिनींनी पिकवलेला माल आपण आस्थेने विकत घेतो. पण तो आपल्या फ्रिजमध्ये सडला, तर पुढच्या वेळी आपण घेत नाही आणि त्यांचे गिऱ्हाईक तुटते. अळंबीच्या बाबतीत हे सहज घडते, कारण 100 ग्रॅम ताज्या अळंबीत 90 ग्रॅमच्या आसपास पाणीच असते. म्हणून आज ती टिकवावी कशी आणि रांधावी कशी, एवढेच सांगणार आहे.

दुकानातली पांढरी बटन अळंबी आणि महागडी पोर्टोबेलो यांची जात एकच. बटन कोवळी असताना काढतात, पोर्टोबेलो पूर्ण वाढून टोपी उघडल्यावर. दोन्हींना तयार खत आणि थंड खोली लागते. पाड्यावरच्या बाईला जमते ती धिंगरी. जव्हार-मोखाड्याकडे भाताचा पेंढा हाताशी असतो. तो भिजवून, निर्जंतुक करून, बेणे मिसळून पिशव्यांत भरायचा. 20 ते 30 अंश तापमान आणि हवेत ओलावा राखला की साधारण महिनाभरात तोडणी सुरू होते. शेत नसले तरी चालते, घराचा एक सावलीचा कोपरा पुरतो.

आता साठवणीचे. आणल्याबरोबर धुऊ नका. बंद प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि अळंबी चिकट होते. कागदी पिशवीत किंवा कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. धिंगरी तीन-चार दिवसांत संपवा. पोर्टोबेलो पाच-सहा दिवस राहते. चिकटपणा किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या. जास्त असेल तर तव्यावर परतून, गार करून डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा.

आपल्या सोलापूरचे ऊन तर वाळवणासाठीच आहे. धिंगरीच्या काड्या करून पातळ कापडाखाली कडक वाळवा. दहा किलोची साधारण एक किलो होते. उन्हात अळंबीत ड जीवनसत्त्वही तयार होते. घट्ट झाकणाच्या बरणीत ती महिनोन् महिने राहते. वापरताना अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. तोडणी एकदम झाली की ताजा माल पडेल भावाने द्यावा लागतो. म्हणून वाळवलेली पाकिटेही आवर्जून मागा.

रांधताना आच मोठी ठेवा, कढईत गर्दी करू नका आणि मीठ शेवटी घाला, म्हणजे पाणी सुटून लगदा होत नाही. धिंगरी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, काळ्या मसाल्यात रस्सा करा. पोर्टोबेलोचा देठ काढा, टोपीखालच्या काळ्या पाकळ्या चमच्याने खरवडा, नाहीतर रस्सा काळा होतो. तेल लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा, वर शेंगदाण्याची चटणी भुरभुरा आणि कडक भाकरीबरोबर वाढा. कोणतीही अळंबी कच्ची खाऊ नका.

एक इशारा देऊन ठेवते. पावसाळ्यात रानात अळंबी उगवते. ती ओळखण्याची नजर पाड्यावरच्या जाणत्या माणसांना पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीने आलेली असते. आपण ती स्वतःहून तोडू नये. लसूण किंवा चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, ही समजूत खोटी आहे. काही विषे शिजवूनही जात नाहीत, आणि उलट्या-जुलाब सहा-बारा तासांनी सुरू होतात. तसे झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठा आणि उरलेली अळंबी सोबत न्या.

पाच भाकरींनी हजारोंना जेवू घातल्यावरही प्रभूने उरलेले तुकडे गोळा करवले, बारा टोपल्या भरल्या. पाड्यावरच्या बहिणीचे कष्टही असेच वाया जाऊ देऊ नका. पुढच्या सभेला येताना आपापल्या घरची वाळवण घेऊन या. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.