पंच कुणाच्या बाजूचा?

जानेवारी २०२३ मधली पुण्याची महाराष्ट्र केसरी आठवते ना? माती विभागात महेंद्र गायकवाडने सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या सिकंदर शेखवर टांग मारली. पंचांनी महेंद्रला चार गुण दिले आणि सिकंदर बाहेर गेला. मग मोबाईलवर तीच क्लिप पुन्हा पुन्हा, आणि खाली एकच वाक्य: मुसलमान होता म्हणून हरवला. पंचांना धमकीचा फोन गेला, पोलिसांत तक्रार झाली.

आता आपल्या नगरला या. २ फेब्रुवारी २०२५, वाडिया पार्क. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय झाला. माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा, असं राक्षे म्हणत राहिला. शेवटी त्याने पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड पंचांवर चिडून मैदान सोडून गेला. हो, तोच महेंद्र, ज्याला पुण्यात चार गुण मिळाले होते. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

राक्षे मुसलमान नव्हता. गायकवाडही नव्हता.

म्हणजे भेदभाव नसतोच, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत एनबीए बास्केटबॉलच्या तेरा हंगामांचे आकडे अभ्यासकांनी तपासले. रेफरी दुसऱ्या वर्णाचे असले की खेळाडूवर फाउल थोडे जास्त लागत होते. फरक लहान, पण सापडला, कारण प्रत्येक सामन्यात रेफरी कोण आणि फाउल किती याची नोंद होती. २००७ मध्ये हे वर्तमानपत्रांत गाजलं. पुढच्या हंगामांत तो फरक दिसेनासा झाला.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. एक एरर बघून सर्व्हरवाल्याची नियत ठरवत नाही, आधी लॉग मागतो. आपल्याकडे लॉगच नाही! कोणत्या पंचाने कुणाला किती गुण दिले, आक्षेप किती आले, त्यातले किती मान्य झाले, हे सगळ्यांना बघता येईल असं कुठे आहे? नोंद नसली की प्रामाणिक पंचालाही स्वतःची बाजू दाखवता येत नाही, हे विसरू नका.

सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला राक्षेलाच काही सेकंदांत चीत करून गदा घेतली. तेव्हा पंचांबद्दल आपण कुणी काही बोललो नाही.

गावच्या यात्रेतल्या हगाम्यापासून सुरुवात करता येईल. आखाड्याच्या दोन बाजूंना दोन मोबाईल, एक वही, आणि लेखी आक्षेपाला पंचकमिटीने द्यायचं लेखी उत्तर. यंदा कोणकोणत्या गावांत हगामा आहे, ते आत्ताच सांगा, मी लिहून घेतो.